बंगल्यावरचे दोन कुत्रे

मिलला कुलूप लागलं, त्या वर्षी माझे मिस्टर घराबाहेर पडेनासे झाले. सतरा वर्षं विणाईखात्यात उभा राहिलेला माणूस दिवसभर खाटेवर बसून भिंतीकडे बघायचा. शेजारणीकडून कळलं, एका बंगल्यावर कुत्रे फिरवायला माणूस हवा आहे. मी जाऊन विचारलं, बाई चालेल का?

कुत्र्यांची मला लहानपणापासून धास्ती. साखळ्या हातात देताना बंगल्यावरच्या बाईसाहेब एवढंच म्हणाल्या, "डरना मत. ये डर पहचान लेते हैं."

नदीकाठी मोठं उद्यान होतं. पुढे फुलांचे वाफे, मागे नुसतं बाभळीचं रान, आणि काठाकाठाने दूर गेलेली पायवाट. तांबडी कुत्री गरीब होती. काळा मात्र मलाच फिरवायचा. चौथ्या दिवशी बगळा दिसताच तो उतारावरून धावत सुटला. मी साखळी सोडली नाही, म्हणून चिखलात तोंडावर पडले. गुडघा फुटला. बघणाऱ्यांत मिस्टरांच्या खात्यातले दोघे होते.

घरी जखमेवर हळद लावताना मिस्टर म्हणाले, "उद्यापासून जायचं नाही. लोक हसतात."

"उद्या तर जाणारच," मी म्हटलं. "एक दिवस चुकला तर तो काळा समजेल, ही घाबरली."

दुसऱ्या दिवशी लंगडत गेले. काळ्याने ओढलं की जागीच उभी राहायची, तो मागे वळून बघेपर्यंत. तासाभरात आम्ही कसेबसे दुसऱ्या बाकापर्यंत पोचलो. तिसऱ्या आठवड्यात तो माझ्या बरोबरीने चालू लागला.

अशीच एकदा वळले, तर वीसेक पावलांवर मिस्टर. हात मागे बांधून, झाडं बघत असल्यासारखे. मी तशीच पुढे चालत राहिले. पाच-सहा दिवस ते असेच मागून येत राहिले. मग एका सकाळी जवळ येऊन म्हणाले, "ती तांबडी धरू का?"

मी साखळी दिली. पुढे ते खात्यातले दोघे भेटले. एकाने विचारलं, "क्यों भिया, नया काम पकड़ लिया?"

"काम हिचं आहे," मिस्टर म्हणाले. "मी सोबतीला आलोय."

पुढच्या वर्षी त्यांना देपालपुरला धान्याच्या गोदामावर काम लागलं; सकाळच्या बसने जायचे. मी मात्र आणखी आठ वर्षं त्या पायवाटेने चालले. तांबडी म्हातारी झाली तेव्हा तिच्यासाठी आम्ही हळू चालायचो. काळाही.