चौकाचा फोटो

लातुरात आमच्या क्लासचे फ्लेक्स मी ज्याच्याकडून करून घेतो, तो नुसतं डिझाइन कधी दाखवत नाही. कॉम्प्युटरवर त्याने आमच्या चौकाचा एक फोटो ठेवलाय. कुठलाही फ्लेक्स आधी त्या फोटोतल्या खांबांवर चढवतो, मग खुर्ची मागे सरकवून डोळे बारीक करून बघत बसतो. "अक्षर जाग्यावर बघावं लागतंय सर. इथं लई मोठं वाटतंय, तिथं दिसत बी न्हाई."

फोटोत खांबांखाली तिघं उभे होते. पानवाले मामा, एक रिक्षावाला आणि मान वर केलेला मी. हा फोटो त्याने कधी काढला, मला पत्ताही लागला नव्हता. "वाचणारं माणूस पायजे की," एवढंच तो म्हणाला होता.

पुढे पानवाले मामा वारले. त्यांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स चढवताना त्याने खाली उभे असलेले मामा पुसून टाकले आणि मागची भिंत हुबेहूब जुळवली. "वर बी तेच अन् खाली वाचणारे बी तेच, बरं दिसत न्हाई." मला ते पटलं. त्याच्या हाताची ही सफाई मला आवडायची.

परवा नव्या बॅचच्या फ्लेक्ससाठी गेलो. आमच्या फ्लेक्सवर फोटो फक्त मुलांचे असतात, माझा कधीच नसतो. त्याने चौकाचा फोटो उघडला. खांबाखाली रिक्षावाला एकटाच उभा होता. माझ्या जागी भिंत होती, हुबेहूब जुळवलेली.

मी काही विचारायच्या आत, स्क्रीनवरची नजर न हलवता तो म्हणाला, "सर, समोरून काढलेला एखादा फोटो असंल की तुमचा?"