पांढऱ्या घोड्यांचा रिसाला

अमरावतीला मी पोलिसात घोडेस्वार होतो. आमचा साहेब स्कॉटलंडचा. दिल्लीला मोगल होते त्या काळात त्याच्या मुलखात घोडदळाचा एक रिसाला उभा राहिला, पुढं सगळा पांढऱ्या घोड्यांचा झाला. साहेबाचा कोणी खापरपणजा त्यात होता. संध्याकाळी आम्ही घोड्यांना खरारा करायचो अन् साहेब खुर्ची टाकून हिंदीत तेच सांगत बसायचा. त्या मुलखातले लोक सरकारी चर्चात जाईनात, उघड्या डोंगरावर जमून देवाचं नाव घेत. त्यांना हुसकायला तो रिसाला काढला. मोठ्या लढाया तो मागून लढला.

मी विचारलं, "हुजूर, वो लोग दुश्मन मुलुक के थे?"

"नहीं. हमारे ही थे," साहेब म्हणाला, अन् पाइप झाडला.

त्याला आपली तुकडीही तशीच पांढरी पाहिजे होती. पण आमच्याकडं पांढरी घोडी पाळतो कोण? वरातीवाला. माझ्या वाट्याला तसलीच आली. डफडं वाजलं की पाय उचलायची. सांगितलं तर साहेब म्हणे, सिखाओ.

मिठाच्या सत्याग्रहाच्या साली लोक राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडायला निघाले. माझा साळा अंजनगावच्या जमावात होता. मी निघताना बायको चुलीपासून उठली नाही. म्हणाली, "माह्या भावाच्या अंगाले हात लागला, त या घरात पाय ठेवू नका." नोकरी सोडावी तर राहायची खोली जाते, अन् शेत भावांनी कधीच गिळलेलं. गेलो.

जमाव आला तो डफडं वाजवतच. घोडी नाचायला लागली.

"अबे, नवरदेव आला! नवरी कुठी हाय?"

सगळे हसून राहिले. घोडी मागच्या पायांवर उभी झाली, माझी रिकीब सुटली. तेवढ्यात साळ्यानं पुढं होऊन लगाम धरला. "भाऊजी, मान धरा तिची, पडसान." घोडी थांबली. साहेबाला दिसलं एवढंच, की सरकारी घोड्याला हात घातला. साळ्याला बांधून माझ्याच घोडीमागं चालवलं.

"साहेब, इसने मुझे बचाया."

"सीधा बैठो."

घरी बायकोनं दारातच अडवलं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

"म्हंजे तो पायी, अन् तुमी वर?"

"हो."

"खाली कावून नाई उतरले?"

साळा सुटून आला, मांडीला मांडी लावून जेवला, मला नवरदेव म्हणून चिडवलं. तिनं मात्र ते विचारणं सोडलं नाही. भांडणात, हसताना, खाटेवर पडली तेव्हाही. यंदा गेली. तिला वाटायचं मी उत्तर लपवतो. लपवायला काही होतंच कुठं? उतरता येतं हे तिनं विचारेपर्यंत मला सुचलंच नव्हतं. एवढं तिला सांगायचं राहिलं.