डागाची बाजू

तळेगावच्या बाजारात सुलोचनाबाईंच्या नवऱ्याचं फळांचं दुकान होतं. संत्र्यांची थप्पी लावताना चांगली बाजू गिऱ्हाइकाकडे आणि डाग भिंतीकडे, ही रीत बाईंच्या हातात पंचवीस-तीस वर्षांत बसली. १९७८ साली नवरा गेला. दुकान पुतण्याकडे गेलं, मुलगी अकोल्याला दिलेली. घरात बोलायला कोणी उरलं नाही.

शेजारी भाड्यानं राहणारे हरिदास मास्तर रविवारी ओसरीवर शाळेतल्या पोरांना चित्रं शिकवत. बाई आधी नुसत्या जाऊन बसत. मग एकदा त्यांनी ब्रश मागितला.

"काऊन वं सुलोचना, आता मॅट्रिकले बसतं काय?" समोरच्या लीलाबाई ओट्यावरून ओरडल्या. बाईंनी ब्रश पाण्यात बुडवला.

मास्तरांनी विषय दिला: ताटलीत संत्री आणि एक सीताफळ, रंग दबलेले हवेत. "नारिंगीत निळ्याचा थेंब टाका काकू, रंग खाली बसते."

बाईंनी थेंब टाकला, दोन टाकले. महिनाभर कागद वाया गेले.

"काकू, हे तर दुकानाची पाटी वाटून राह्यली," मास्तर हसले. "आता भाव लिहा खाली."

दिवाळीनंतर मास्तरांची हिंगणघाटला बदली झाली. ते जायच्या आत त्यांच्या तोंडून एकदा 'जमलं' ऐकायचं, एवढंच बाईंना हवं होतं. पुढे चित्र बघणारं तरी कोण होतं?

त्याच आठवड्यात ताप आला. चित्रासाठी रोज सकाळी त्या घरात फळं पदरानं पुसून, चांगली बाजू दाराकडे करून ताटली स्टुलावर ठेवत. ते राहून गेलं. मागच्या भिंतीशी बाजेवर पडल्या पडल्या त्यांना फळांची पाठ दिसली. साल सुकलेली, डाग तपकिरी, सीताफळ काळवंडलेलं. दारातून येणाऱ्याला यातलं काहीच दिसत नव्हतं. ताप उतरल्यावर त्यांनी बाजेवर बसूनच चित्र काढलं.

मास्तर एसटीची वाट बघत ट्रंकेवर बसले होते. कागद त्यांनी हात लांब करून बघितला.

"जमलं, काकू. बिलकूल जमलं." मग म्हणाले, "पण इतके दिवस फळं राह्यलेच कसे? खाल्ले नाई कोणी?"

"खाणार कोण?"

तेवढ्यात एसटी आली. मास्तर ट्रंक घेऊन चढले.

घरी येऊन बाईंनी फळं उकिरड्यावर टाकली, ताटली धुतली. चित्रासाठी खिळा ठोकला तो बाजेसमोरच्या भिंतीवर. दारातून ती भिंत दिसत नसे.