घाई कोणाला होती

टायरवर ते आधी तळहात फिरवायचे. डोळे मिटून, उलट्या दिशेने, तापलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा. समोर गिऱ्हाईक पाय आपटत उभं असायचं. ते म्हणायचे, "घाई कोनले शे? चाक काय सांगस ते तर आयकू द्या."

शहाद्यात आमच्या घरासमोर त्यांचं टायरचं दुकान होतं. माणूस मूळचा ब्राह्मणपुरीचा. शेती भावाला देऊन टाकली आणि ट्रॅक्टरच्या चाकांपासून सायकलच्या ट्यूबपर्यंत सगळ्यात हात काळे केले. टायरवाला उकिडवा कसा बसतो ते तुम्ही पाहिलंच असेल. ते सकाळी नऊला बसले की दुपारच्या जेवणालाच उठायचे. मी त्यांना भाऊ म्हणायची. ते मला बाई म्हणायचे, कारण मी शाळेत बाई होते. सगळी गल्ली अहिराणीत बोलायची आणि मी भाजीवालीशीसुद्धा पुस्तकातली मराठी बोलायची. आता आठवलं की माझं मलाच हसू येतं.

त्यांचा एक नियम होता. चाकाचं काम केलं की गाडी आधी स्वतः चालवून बघायची. "पयले मी, मंग गिऱ्हाईक." ट्रॅक्टर असो की टेम्पो, नियम तोच. एकदा माझ्या नातीच्या तीनचाकी सायकलचं रबर निखळलं. त्यांनी ते बसवलं आणि स्वतः त्या सायकलवर बसले. गुडघे कानाला लागलेले, टोपी डोळ्यांवर आलेली. गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. नात रडायला लागली, तिला वाटलं आजोबा सायकल घेऊन चालले. उतरून गंभीरपणे म्हणाले, "डावीकडे वढस जराशी," आणि पुन्हा पाना घेऊन बसले.

आता माझ्याबद्दल सांगते. आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी तेव्हा एकसष्ट वर्षांची तरुणी होते. आमच्या ह्यांनी निवृत्तीनंतर लांबच्या प्रवासाची एक जाडजूड मोटरसायकल घेतली होती, कोणाची तरी वापरलेली. तिच्यावर बसून आम्ही दोघं द्वारकेला समुद्र बघायला जाणार होतो. मी गुडघ्याला बांधायचे पॅड आणले, काळा गॉगल आणला. भजनी मंडळात तारीख सांगितली, वेळ सांगितली, कुठल्या ढाब्यावर चहा घेणार तेही सांगितलं. बायका ओवाळायला येणार होत्या.

आणि मागचा टायर निघाला गुळगुळीत. त्या मापाचा मोटरसायकलचा टायर मागवायला महिना लागणार होता.

हे म्हणाले, "थांबू महिनाभर. द्वारका काय पळी जाई ऱ्हायनी का?"

पण भजनी मंडळाला काय सांगायचं? मी मोबाइलवर व्हिडिओ शोधले. त्यात परदेशातले दाढीवाले बाबे मोटरसायकलच्या मागे चक्क कारचा टायर बसवून हजारो मैल फिरत होते. आमचं मागचं चाक सोळा इंची. सोळा इंची कारचे टायर भाऊंच्या दुकानात उतरंडीसारखे रचलेले. मी मोबाइल घेऊन समोर गेले.

त्यांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. मग आत जाऊन पाण्याचा लोटा आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आले. लोटा फरशीवर ठेवून बोटाने कलवला. "हाऊ लोटा वाकस, बाई. आते हाऊ डबा वाकाडी दखाडा." डबा कलला की कडेवर उभा राहायचा आणि सोडला की धाडकन सपाट बसायचा. "मोटरसायकलना टायर पोटले गोल ऱ्हास, म्हनून ती वळणवर वाकस. कारना टायर सपाट. त्याले वाकनं माहीत नई."

मी म्हटलं, "भाऊ, मी चौतीस वर्षं मुलांना शिकवलंय. मला डबे-लोटे दाखवू नका."

ते हसले. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. ते म्हणाले, "घाई कोनले शे?" तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी दुकानात चार गिऱ्हाइकं होती. त्यांच्यादेखत मी म्हटलं, "जमत नसेल तर तसं सांगा ना भाऊ. नंदुरबारला मशीनवाला आहे, त्याच्याकडे नेतो आम्ही."

भाऊंनी हात पुसले. बराच वेळ पुसले. म्हणाले, "आना चाक."

अर्धा दिवस त्या कामात गेला. टायरची कड रिमवर बसेना. साबणाचं पाणी लावलं, हवा भरली, सोडली, पुन्हा भरली. शेवटी ठप्प असा आवाज झाला आणि कड बसली. मी ओट्यावरून टाळ्या वाजवल्या. एकसष्ट वर्षांची बाई, ओट्यावर उभी राहून टाळ्या वाजवते! चाक गाडीला लावलं, कुठे घासत नाही ना ते फिरवून पाहिलं. हे गॉगल लावून तयार झाले. भाऊंनी चावी मागून घेतली.

"सरळ रस्तावर काहीबी चालस," ते म्हणाले. "मी घाट करी येस."

म्हसावद सोडून राणीपूरच्या पुढे तोरणमाळचा घाट चढायला लागतो. तिसऱ्या वळणावर भाऊ वळले आणि गाडी वळली नाही. ती सरळ चालत राहिली. वरून उतरणाऱ्या एका जीपवाल्याने त्यांना नालीतून काढलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालता येईल, पण उकिडवं बसायचं नाही. आता टायरवाल्याने उकिडवं बसायचं नाही म्हणजे काय करायचं, ते डॉक्टरांना कोणी विचारलं नाही.

घरी आणल्यावर मी सफरचंदं घेऊन गेले. खोली माणसांनी भरलेली. त्यात जुनी गिऱ्हाइकं होती, ट्रॅक्टरवाले होते, त्या दिवशी दुकानात उभे असलेले चौघं मात्र नव्हते. एकजण म्हणाला, "इतला जुना मिस्त्री तुम्ही, आनि मोटरसायकलले कारना टायर लावा?" दुसरा म्हणाला, "आते यास्नावर भरवसा कसा ठेवाना?" हे तोंडावर म्हणाला. मी पलंगाजवळ बसून सफरचंद चिरत होते.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या माणसाकडे पाहून म्हणाले, "मन्हीच अक्कल गयी व्हती."

मी चिरत राहिले. एक झालं, दुसरं घेतलं. फोडी ताटलीत लावल्या. मला रडू आलं नाही. फोडी काळ्या पडायच्या आत खा, एवढं म्हटलं आणि घरी आले.

ह्यांनी मला एका शब्दाने काही विचारलं नाही. गाडी दुरुस्त करून विकून टाकली. द्वारकेचं नाव पुन्हा निघालं नाही. भजनी मंडळात मी सांगितलं की ह्यांची पाठ धरली आहे.

भाऊंनी स्टुलावर बसून दुकान चालवायचा प्रयत्न केला. पण गिऱ्हाईक समोरून जायचं आणि पुढच्या चौकात थांबायचं. चाक बसवून घेताना लोक भाऊंना विचारायचे, "नीट शे ना?" इतक्या वर्षांत हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. पावसाळ्यानंतर मुलगी आली आणि त्यांना सुरतेकडे, उधन्याला घेऊन गेली. जाताना ते माझ्या ओट्यापाशी थांबले, काठी बदलली, म्हणाले, "येस बाई." मी म्हटलं, "या."

मागच्या चैत्रात ते गेले. आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या दारावर बसायला जातात. ब्राह्मणपुरीला भावाच्या घरी सगळे जमले होते, मीही गेले. बोलता बोलता कोणीतरी तोच विषय काढला. माणूस चांगला होता, पण शेवटी त्या टायरमुळे नाव घालवलं.

मी म्हटलं, "तो टायर मी लावायला लावला. ते नाही म्हणत होते. तीन दिवस नाही म्हणत होते. मी चारचौघांत त्यांना टोचून बोलले. त्या दिवशी घाटातसुद्धा ते माझ्यामुळेच गेले."

मला वाटलं, आता कोणीतरी मला काहीतरी बोलेल. मी पदर सारखा करून वाट बघत बसले.

भाऊंची भावजय उठून माझ्याजवळ आली. माझा हात हातात घेतला आणि बायकांकडे वळून म्हणाली, "दखा, बाईस्नं मन कितलं मोठं शे. मरेल मानूसनी चूकबी सोतावर लेतस."

सगळ्यांनी माना डोलावल्या. एकीने डोळे पुसले. तो विषय काढणारा माणूससुद्धा ओशाळून म्हणाला, "खरंच, बाई."

मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात कोणीतरी माझ्यासाठी आतून खुर्ची आणली. खाली सतरंजीवर सगळे बसले होते. मी खुर्चीवर बसले.