वहिनीची रिकामी जागा

माझ्या वहिनीला हॉस्पिटलात सगळे 'रिकाम्या बाई' म्हणतात. तोंडावर नाही, पण तिला ते माहीत आहे. मी त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासतो, त्यामुळे हे नाव कुणी ठेवलं तेही मला ठाऊक आहे. एक्स-रे विभागाच्या डॉक्टरांनी. त्यांना जी जागा हवी होती ती वहिनी देत नव्हती, आणि स्वतःही वापरत नव्हती.

ही जागा सर्व्हरमधली. पूर्वी आमच्याकडे प्रत्येक विभागाचा सर्व्हर वेगळा होता. एक टेबलाखाली, एक स्टुलावर, औषधांचा तर पाण्याच्या फिल्टरखाली, वर प्लॅस्टिक पांघरून. वहिनी या सगळ्या यंत्रांची प्रमुख झाली तेव्हा तिने सांगितलं, तीन मोठे सर्व्हर घेऊ आणि जुनी सगळी बिऱ्हाडं त्यांच्या पोटात हलवू. एकाच मोठ्या यंत्रात अनेक लहान यंत्रं राहतात, प्रत्येकाला वाटतं घर आपलंच. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. एखादा सर्व्हर मेला तर त्याच्यातली बिऱ्हाडं उरलेल्या दोघांनी सामावून घ्यायची.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. वहिनी आधी पाय मोजते, मग अंथरूण मागवते. सर्व्हर घेण्यापूर्वी कितीतरी आठवडे ती नुसती बघत होती, कोण किती खातं आणि केव्हा खातं. "भाऊजी, तुमच्या लॅबचं यंत्र सकाळी राक्षसासारखं जेवतं आणि दुपारी उपाशी बसतं," असं मला जेवताना सांगायची.

"माझं कधी एवढं मोजलं नाहीस," भाऊ म्हणायचा.

"तुझं मोजावं लागत नाही. काही उरतच नाही."

प्रोसेसर आणि मेमरी यांतला फरकही मला त्याच टेबलावर कळला. प्रोसेसर म्हणजे घरातलं न्हाणीघर. एकच असलं तरी चालतं, कारण सगळे एका वेळी आंघोळीला जात नाहीत. मेमरी म्हणजे अंथरूण. निजताना प्रत्येकाला आपापलं लागतं, तिथे आळीपाळी चालत नाही. म्हणून प्रोसेसरच्या बाबतीत ती थोडी उधारी करायची, मेमरीच्या बाबतीत कधीच नाही.

सर्व्हर आले, बिऱ्हाडं हलली, सगळं सुरळीत चाललं. मग एक्स-रेच्या डॉक्टरांनी फोटो साठवण्याची नवी प्रणाली आणायचं ठरवलं आणि तिच्यासाठी जागा मागितली. त्यांचं म्हणणं साधं होतं. माझं सामान आलं तरी तिन्ही सर्व्हर सत्तर टक्केच भरतील, प्रत्येकात तीस टक्के शिल्लक राहील, आणखी काय हवं?

"बरोबरच बोलतोय तो," भाऊ म्हणाला.

वहिनी ताटावरून उठली. सारखी तीन पातेली घेतली, प्रत्येकात पाऊण पातेल्याला जरा कमी असं पाणी भरलं आणि ओट्यावर ठेवली. "यातलं एक फुटलं समज. त्यातलं पाणी या दोघांत ओत."

भाऊने मोठ्या ऐटीत ओतलं. पाणी काठावरून ओट्यावर आलं, ओट्यावरून त्याच्या मोज्यांवर.

"कळलं," तो म्हणाला.

"पुसून घे."

रिकाम्या जागेशी माझं जुनं नातं आहे. माझी आधीची नोकरी गेली तेव्हा एक बॅग घेऊन मी भावाच्या दारात उभा राहिलो होतो. दोन खोल्यांचं घर, भिंतीला भिंत लागलेली. वहिनीने कपाट उघडलं तर खालचा कप्पा पूर्ण रिकामा. मी विचारलं, "कोण येणार होतं?" ती म्हणाली, "कोणीतरी येतंच. कोण ते आधी कळत नाही." तिने माझ्यासाठी काहीही सरकवलं नाही. माणूस पडल्यावर त्याच्यासाठी आवराआवर सुरू झाली की तो आणखी लहान होतो. मला लहान व्हावं लागलं नाही. मी वेगळं बिऱ्हाड केलं त्याच दिवशी तो कप्पा पुन्हा रिकामा झाला, आणि आजही आहे.

प्रकरण अधीक्षकांकडे गेलं. कपाळावर चष्मा ठेवून टेबलावर चष्मा शोधणारे ते गृहस्थ, पण माणूस न्यायी.

"या नव्या सर्व्हरपैकी आजवर एकतरी बंद पडलाय का?" त्यांनी वहिनीला विचारलं.

"नाही."

"मग?"

"म्हणून तर मी एक बंद पाडणार आहे. ऐन गर्दीच्या सकाळी, सगळ्यांसमोर. नोंदणी आणि लॅब चहा निवायच्या आत परत येतील. औषधांचा काउंटर तर क्षणभरही थांबणार नाही, कारण त्याची यंत्रं दोन आहेत, दोन वेगळ्या सर्व्हरवर, एक पडलं की दुसरं लगेच काम उचलतं."

"आणि तसं झालं नाही तर?"

"तर ती जागा डॉक्टरांची. मी पुन्हा विषय काढणार नाही."

तिची कितीतरी आठवड्यांची मोजणी आता सर्व्हरच्या दोन विजेच्या वायरींना टांगली होती.

ठरलेल्या सकाळी सर्व्हरच्या खोलीत प्रत्येक विभागाचा एकेक माणूस उभा होता. सगळीकडे कागदी चिठ्ठ्या तयार ठेवल्या होत्या, कुणाचं औषध अडू नये म्हणून. लॅबतर्फे मी. औषधांच्या काउंटरवरच्या ताई तिथून हलू शकत नव्हत्या, म्हणून त्या फोनवर होत्या, आणि वहिनीने फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला होता. ती मागच्या बाजूला गेली, मधल्या सर्व्हरच्या दोन्ही वायरी हातात घेतल्या आणि ओढल्या.

खोलीतल्या घरघरीचा तिसरा हिस्सा खाली बसला. स्क्रीनवर एकेक नाव विझलं, आणि मग दुसऱ्या दोन घरांत एकेक दिवा लागू लागला. नोंदणीचा माणूस म्हणाला, आलं. माझ्या फोनवर लॅबमधून निरोप आला, आलं.

"बाई, आमचं बंद आहे," औषधांच्या ताई म्हणाल्या. "रांग लागलीय."

डॉक्टर आपल्या बुटांकडे बघत होते. ते हसले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवतो. वहिनी स्क्रीनवर वाकली. मला तिच्या मानेवरून कळलं की तिला कारण सापडलं आहे.

ते दुसऱ्या कुणालाही कळलं नसतं. 'सुरू व्हायला कधीकधी वेळ लागतो' म्हणाली असती तरी खपलं असतं.

"माझी चूक आहे," ती म्हणाली. "औषधांची ती दोन यंत्रं, दोघी बहिणी, एकाच घरात, याच सर्व्हरवर होत्या. त्यांना एका घरात राहू द्यायचं नाही असा नियम मीच लावला होता. मागच्या आठवड्यात मेमरी वाढवताना सगळ्यांची हलवाहलव केली, तेव्हा नियम काढला आणि परत लावायचा राहिला. घर पडलं, दोघी एकदम पडल्या."

"आलं हो," फोनमधून आवाज आला.

अधीक्षकांनी घसा साफ केला. "म्हणजे तुम्ही घातलेली अट मोडली."

"मोडली."

"जागा डॉक्टरांची."

"हो."

डॉक्टर बुटांवरून नजर न काढता म्हणाले, "एक सांगा. दोघी पडल्या होत्या, तर मग परत उभ्या राहिल्या कुठे?"

"त्या रिकाम्या जागेत."

"आणि तिथे माझं सामान असतं तर?"

"तर आत्ता मला विचारावं लागलं असतं, औषधं उठवू की तुमचे फोटो."

डॉक्टरांनी विझलेल्या सर्व्हरकडे पाहिलं. मग अधीक्षकांना म्हणाले, "मला ती जागा नको. मला चौथा सर्व्हर मागवून द्या. आणि माझे पाय बाईंनीच मोजावेत."

ही पायांची गोष्ट त्यांच्यापर्यंत कुणी पोचवली याची वहिनीने माझ्याकडे बघून खात्री करून घेतली.

लोक दाराकडे वळले. अधीक्षकांना चष्मा सापडला. तेवढ्यात वहिनी म्हणाली, "थांबा. जाऊ नका."

तिने दोन्ही वायरी परत लावल्या. सर्व्हर गुरगुरत जागा झाला. बिऱ्हाडं आपापल्या घरी परतेपर्यंत ती स्क्रीनवर एकेक नाव मोजत होती. मग तिने तो नियम पुन्हा लावला, दोघी बहिणी दोन घरांत गेल्याचं दोनदा तपासलं आणि ज्या घरात थोरली, म्हणजे त्या वेळी काउंटर चालवणारी, होती त्याच्या मागे गेली.

"आता कशाला?" अधीक्षक म्हणाले. "तुमची जागा राहिली ना."

"जागा राहिली. मी जे होईल म्हणाले होते ते अजून झालेलं नाही. ते मला बघायचंय."

माणूस जिंकल्यावर कसा उभा राहतो ते मी पुष्कळदा पाहिलंय. चूक कबूल केल्यावरही काहीजण ताठ उभे राहतात. पण सुटका झालेली असताना त्याच वायरींना पुन्हा हात घालणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्या घरचं होतं. तिथे, त्या थंड, यंत्रांनी भरलेल्या खोलीत, मला तिचा अभिमान वाटला.

तिने वायरी ओढल्या. घरघर खाली बसली. आम्ही सगळे फोनकडे बघत राहिलो. काउंटरवरची कुजबुज ऐकू येत होती, कुणीतरी गोळ्या जेवणाआधी की नंतर असं विचारत होतं.

"बाई," औषधांच्या ताई शेवटी वैतागून म्हणाल्या, "वायर काढायची असेल तर काढा एकदाची. माझी रांग वाढतेय."

"काढून झाली," वहिनी म्हणाली.