अल्लाउद्दीन जिल्दगराची पसंती

शाहू छत्रपतींच्या राज्याला वीस वर्षं होत आली होती, त्या सुमाराची गोष्ट. कोल्हापुरात शनिवार पेठेत एक वाचनालय होतं. दोन कपाटं, एक सतरंजी आणि पेन्शनीत निघालेले गणपतराव मास्तर, एवढाच त्याचा संसार. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सभासद जमत, महिन्याभरात काय वाचलं ते एकमेकांना सांगत आणि पुण्या-मुंबईहून कोणती दोन पुस्तकं मागवायची ते ठरवत. दोनच, कारण वर्गणीत तेवढीच बसत. भांडण मात्र वीस पुस्तकांचं होई.

या सभेत उंबऱ्याला टेकून अल्लाउद्दीन जिल्दगर बसे. पुस्तकं बांधणं हा त्याचा धंदा. तो सभासद नव्हता, पण शेवटचा शब्द त्याचा चाले. कारण अर्ध्या शहराची पुस्तकं बांधणीला त्याच्या घरी येत, आणि पुस्तक उसवलं की ते कुणी कुठवर वाचलंय हे त्याला दिसे. पानाच्या कोपऱ्याला बोटाचा मळ बसतो. मळ चाळिसाव्या पानावर थांबला, तर वाचणाराही तिथंच थांबला. शेवटच्या पानापर्यंत गेला, तर पुस्तक घेण्यासारखं. एवढं साधं गणित, पण पेठेतल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात ते आलं नव्हतं.

एकदा मास्तर एका जाडजूड ग्रंथाची तारीफ करत होते. "शेवटचं प्रकरण तर अमृत आहे अमृत!"

अल्लाउद्दीन उंबऱ्यावरून म्हणाला, "मास्तर, तुमचं पुस्तक माझ्याकडंच हाय की. बत्तीस पानांम्होरची पानं अजून जोडलेलीच हाईत."

त्या काळी पुष्कळ पुस्तकांची पानं कडेनं जोडलेली येत. वाचणाऱ्यानं सुरीनं कापत पुढं जायचं. सतरंजीवर असा हशा पिकला की फुलवाला केरबा खोकून खोकून बेजार झाला. मास्तरांनी चष्मा पुसला आणि ही गोष्ट मनात ठेवली.

पण जिल्दगराचं स्वतःचंही एक झाकलेलं पान होतं. त्याला वाचता येत नव्हतं. पुठ्ठ्यावर सोनेरी नाव उमटवण्यापुरती अक्षरं तो ओळखे. सलग चार ओळी वाच म्हटलं असतं तर घाम फुटला असता. कुणी तसं म्हटलं नाही आणि त्यानं आपणहून सांगितलं नाही. सहा दिवस सुई, दोरा आणि चिकटवायची खळ यांत मान मोडायची, आणि सातव्या दिवशी वकील, कारकून, मास्तर अशी माणसं उंबऱ्याकडं वळून विचारत, "अल्लाउद्दीनभाई, तुमचं काय मत?" त्या एका प्रश्नावर तो महिना काढी. हे कळलं तर तो प्रश्न बंद होईल, याची त्याला भारी भीती वाटे.

पावसाळ्यात बांधणीचं काम बंदच असे. कोल्हापूरच्या त्या हवेत खळ वाळत नाही, पुठ्ठ्याला बुरशी धरते. आलेले गठ्ठे चार महिने माजघरात फळीवर पडून राहत आणि दसऱ्यानंतर सुटत. त्या वर्षी शाहूपुरीतल्या एका गूळव्यापाऱ्याचा गठ्ठा सोडला, तर त्यात एक पुस्तक असं निघालं की पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही कोपरा कोरा नाही. मधली काही पानं तर फुगली होती, त्यांवर पाणी पडून वाळल्यासारखी. नाव भारदस्त होतं, कादंबरीलाही शोभलं असतं. अल्लाउद्दीन खूष झाला. लोक रडत रडत वाचतात, असं पुस्तक!

पुढच्या सभेत त्यानं छातीठोक सांगितलं, "डोळं झाकून मागवा. असं वाचलेलं पुस्तक म्या आजवर बघितलं न्हाय."

डोळे झाकून मागवलं. टपालानं आलं. मास्तरांनी सगळ्यांसमोर उघडलं, आणि पहिल्याच पानावर त्यांचा आवाज अडकला. बाळंतीण आणि तान्ह्या मुलाची निगा कशी राखावी, याचं ते पुस्तक होतं.

आता पंधरा मिशीवाले पुरुष आणि मधे ते पुस्तक! केरबानं उपरण्यात तोंड घातलं. वकील म्हणाले, "कोण पोटुशी आहे इथं?" मास्तरांना बत्तीस पानांची आठवण होतीच. ते म्हणाले, "अल्लाउद्दीन, तू हे वाचलंस ना? मग पुढच्या रविवारी सगळ्यांना सांग यात काय आहे ते. सांगता आलं नाही, तर उंबरा सोड."

घरी येऊन अल्लाउद्दीन भिंतीला पाठ लावून बसला. त्याची बायको जरीना चुलीवर खळ शिजवत होती. त्यानं सगळं सांगितलं. ती ढवळायची थांबली.

"पहिल्यांदा पाणी उकळायचं," ती म्हणाली. "नाळ कापायची कात्री त्यात टाकायची. बाळाला अफू चाटवायची न्हाय. जुलाब झालं तर दूध तोडायचं न्हाय."

"हे तुला कुठनं ठावं?" त्यानं विचारलं.

"शाळंत तिसरीपातूर गेलती की मी. पावसात गठ्ठं नुसतं पडून असत्यात. दुपारचं काढून वाचती. आवडलं तर शेवटपातूर, न्हाय आवडलं तर जिथलं तिथं ठेवून देती." तिनं आपली बोटं पुढं केली. हळद, राख, खळ, सगळं त्यांवर होतं.

अल्लाउद्दीनला हळूहळू उमगत गेलं. इतकी वर्षं पेठेनं जी पुस्तकं घेतली, नावाजली, त्यातली निम्मी तरी या बोटांनी निवडलेली होती.

"आणि पानं भिजल्याली?"

जरीनानं चुलीकडं तोंड फिरवलं. त्यांची दोन मुलं गेली होती, एक आठव्या दिवशी, एक सव्वा महिन्याचं. दुसऱ्याला जुलाब झाले तेव्हा सगळ्या शहाण्या बायकांनी दूध बंद करा म्हणून सांगितलं होतं आणि हिनं ऐकलं होतं. पुस्तकात ते चूक म्हणून लिहिलेलं. ते पान तिनं किती वेळा वाचलं असेल कुणास ठाऊक. अल्लाउद्दीन तिच्याजवळ जाऊन बसला. खळ करपेपर्यंत तो तिथून उठला नाही.

आठवडाभर जरीनानं त्याच्याकडून पुस्तक घोकून घेतलं. रविवारी तो उंबऱ्याशी उभा राहिला आणि पाण्यापासून अफूपर्यंत सगळं धडाधडा सांगून मोकळा झाला. वकिलांची थट्टा थांबली. तिथं बसलेल्यांत मूल न गमावलेला बाप शोधूनच काढावा लागला असता. मास्तर खाली बघून म्हणाले, "बरं. वाचलंयस म्हणायचं."

इथं गप्प बसला असता तर निभावलं असतं. पण बायकोच्या रडण्याची शाबासकी आपण घ्यायची, हे काही त्याला गिळवेना.

"म्या न्हाय वाचलं," तो म्हणाला. "मला वाचाय येतच न्हाय, मास्तर. माझ्या घरातनं वाचलंय. हे बी, आणि ह्याच्याआधीची बी."

मग मास्तर म्हणाले, "म्हणजे इतके दिवस आम्ही बायकी पसंतीची पुस्तकं घेत होतो तर." कुणीतरी हसलं. अल्लाउद्दीननं वहाणा घातल्या आणि तो निघून आला. पुन्हा त्या उंबऱ्याला गेला नाही. पहिला रविवार आला की तो उगाच सुया घासत बसे, आणि जरीनाला त्याच्याकडं बघवत नसे.

वर्ष सरलं. दिवाळीनंतर केरबा वाचनालयाचा गठ्ठा घेऊन आला. सगळ्यात वर तेच पुस्तक होतं, पाठ मोडलेलं, पानं निखळलेली, सुतळीनं बांधलेलं.

"आरं, उंदरानं खाल्लं का काय?" अल्लाउद्दीन म्हणाला.

"उंदीर कुठला? कपाटात ठरतंय कवा!" केरबा ओट्यावर टेकला. "ह्या घरातनं त्या घरात. वहीत नाव बाप्याचं, वाचत्यात बायका. मास्तरांच्या सूनबाईकडं, शालूबाईकडं, तर आख्खा श्रावण हुतं. पोरगं झालंय त्यांस्नी. आधीची दोन गेलीती. ह्यो चांगला गुटगुटीत हाय." मग तो जरा ओशाळून म्हणाला, "मास्तरांनी निरोप दिलाय. म्हंत्यात, परवा रविवारी या, आणि कुठली दोन घ्यायची ते घरात इचारून या."

अल्लाउद्दीननं आत हाक मारली. जरीना हात पुसत आली. तिनं सुतळी सोडली आणि एकेक पान उलटत गेली. हळदीची बोटं होती, तेलाची होती, काजळाची होती. एका पानावर तर इवल्याशा मुठीनं चुरगळल्याची खूण होती.

"ह्यात माझं एक बी बोट न्हाय," ती म्हणाली.

तिला नको तितकं पाठ असलेलं जुलाबाचं पान मधोमध फाटलं होतं. कुणीतरी ते भाताच्या शितांनी चिकटवलं होतं, तेही वाकडं. शितानं चिकटवलेलं पान दिसलं की अल्लाउद्दीनचं डोकं फिरे. शिताला कीड लागते, पुस्तक जातं. त्यानं सवयीनं खरवडायला सुरी उचलली.

जरीनानं त्याचा हात धरला.

"राहू द्या. घाईत चिकटवलंय कुणीतरी. पोर रडत असंल."