टिंब नसलेला बोल्ट

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात माझी बदली बिरसीला झाली. धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, सपाट करून तिथे विमानांसाठी धावपट्टी केली होती. मी फौजेत नायक, बाहीवर दोन पट्ट्या, मोटर वर्कशॉपचा इन्चार्ज. लॉऱ्या सहा, सगळ्या तेव्हाच म्हाताऱ्या. आज लोक तसल्या गाड्यांना विंटेज म्हणतात, हौसेने रंगवतात आणि मला विचारतात, गंजावर कोणता रंग चांगला? कोणताच नाही. हे मला सोनबाने शिकवलं. मी उशिरा शिकलो.

सोनबा आमचा फिटर, मुर्री गावच्या शेतकऱ्याचा मुलगा. हात सावकाश, जीभ फटकळ. गंजलेले नटबोल्ट तो एक दिवस चिंचेच्या पाण्यात भिजवायचा. मग तारेचा ब्रश, धानाच्या तुसाची राख, सोड्याचं पाणी आणि ऊन. एवढं झाल्यावर प्रत्येक बोल्ट तारेला टांगून पान्याने ठोकायचा. खणखणीत वाजला तर पास. भद्द वाजला म्हणजे आत तडा, फेकून द्यायचा. पास झालेल्याच्या माथ्यावर पंचने, म्हणजे टोकदार छिन्नीने, एक टिंब, त्यानंतरच रंग.

एके दुपारी दोन वाजता कॅप्टनसाहेबांची ऑर्डर आली. उद्या दहाला इन्स्पेक्शन, सहाही लॉऱ्या रंगवून तयार. पाच तयार होत्या. सहावीच्या स्टीअरिंगचे बोल्ट गंजाने लाल होते.

"आजचा रोज भिजू द्या, नायकसाब," सोनबा म्हणाला. "रंगानं गंज मरत नाही, झाकते."

"ऑर्डर आहे."

"ऑर्डर गंजाले समजते का?"

मला राग आला. खरं सांगायचं तर मला हवालदारीची तिसरी पट्टी दिसत होती. सोनबाला मी टायरच्या कामावर पाठवलं. बोल्टांवरून ब्रश फिरवल्यासारखा केला, वर रंग चढवला, स्वतः बसवले. एक उरला. रिपोर्टवर 'तपासले' लिहून सही ठोकली. वरून कीर्तन, आतून तमाशा.

दहाला इन्स्पेक्शन झालं. साहेबांनी शाबासकी दिली. अकराला निरोप आला, धावपट्टीच्या टोकाला विमान उभं आहे, पेट्रोल पाठवा. सहा नंबरवर ड्रम चढले. ड्रम धरायला मागे माणूस हवा होता. चढण्याआधी सोनबा गाडीखाली वाकला.

"याच्यावर टिंब नाही दिसून राह्यला, साब. काऊन?"

"रंग जाड बसलाय. मी ठोकून पाहिलेत."

"तुमी म्हणता तं झालं."

तो चढला. गाडी गेली.

बेंचवर उरलेला बोल्ट पडला होता. मी तो तारेला टांगला आणि पान्याने ठोकला. भद्द. पुन्हा ठोकला. भद्दच. गाडीतले बोल्टही त्याच लॉटचे होते. फील्ड टेलिफोनकडे धावलो.

"कंट्रोल, वर्कशॉप. सहा नंबर लॉरी थांबवा."

"कारण?"

"स्टीअरिंगचे बोल्ट तपासलेले नाहीत."

"रिपोर्टवर तुमची सही आहे."

चार-पाच सेकंद मी वाया घालवले. तिसरी पट्टी आठवली, याची मला आजही लाज वाटते.

"सही खोटी आहे."

"रिपीट."

"सही खोटी आहे! लाल झेंडा दाखवा!"

झेंडा हलला तेव्हा गाडी वळणावर पोचली होती. बोल्ट तिथेच तुटला. लॉरी धावपट्टी सोडून बांधावर चढली आणि उलटली. ड्रायव्हर बाहेर फेकला गेला, वाचला. सोनबा ड्रमांखाली सापडला. आम्ही सहा जणांनी ड्रम हटवले. तो आधीच गेला होता.

चौकशीत मी सगळं सांगितलं. माझ्या दोन्ही पट्ट्या गेल्या. त्याचं दुःख नाही.

पंधरा दिवसांनी मुर्रीला गेलो. सोनबाचे वडील ओसरीत बसले होते. त्यांनी पाण्याचा लोटा पुढे केला आणि विचारलं, "माहा सोनबा पाह्यल्याबिगर कोनत्याच गाडीवर चढत नव्हता जी. त्या रोजी काऊन चढला?"

"त्यानं पाहिलं होतं, बाबा. मला विचारलंही होतं. मी खोटं बोललो."

लोटा त्यांनी मागे घेतला नाही. म्हणाले, "पानी पिऊन घ्या. उनातून आले."